वादळात लाईनवर काम करणाऱ्याला मारहाण झाली तर कायदा नेमका कोणाच्या बाजूने? (जळगाव-धुळे-नंदुरबार)

तिसरा_फेज
मंडळी, मी वीज वितरणात तंत्रज्ञ आहे, जळगाव जिल्ह्यात. गाव आणि उपविभाग लिहीत नाही, प्रकरण अजून ठाण्यात लोंबकळतंय.

मे अखेरचं वावधन (वादळ) झालं तेव्हाची गोष्ट. गावठाण फीडरवर निंबाचं झाड पडलं, दोन खांब वाकले, एका डीपीचे, म्हणजे ट्रान्सफॉर्मरचे, जम्पर (जोडतारा) तुटले. आम्ही एल.सी. (लाईन बंद ठेवून काम करायचं परमिट) घेतली, दोन्ही बाजूंना अर्थिंगचे रॉड टाकले आणि कामाला लागलो. सबस्टेशनवर ऑपरेटर एकटा, कंत्राटी पोरगा. अंधार पडला तशी तिथे गर्दी जमली. 'बाजूच्या गावात लाईट आहे, आमचंच फीडर का बंद? टाक ब्रेकर!' त्याने परमिट बुक दाखवलं. पावतीवर वेळ ६:४०, माझी सही, 'परत' चा रकाना कोरा. एकाने ते पुस्तक हिसकावून भिंतीवर फेकलं, दुसऱ्याने कानाखाली लावली, तिसरा थेट पॅनलकडे गेला. पोरगा शहाणा. एल.सी. दिली तेव्हाच ब्रेकरची ट्रॉली बाहेर ओढून ठेवली होती, त्यामुळे बटण दाबून काही झालं नाही. नाहीतर डीपीवर चढलेला आमचा माणूस आणि खाली दोर धरून उभा मी, दोघांचं काय झालं असतं ते तुम्ही समजून घ्या.

ठाण्यात गेलो तर उत्तर मिळालं, 'हा कंत्राटी आहे, लोकसेवक नाही. एन.सी. करून घ्या.' म्हणजे नुसती अदखलपात्र नोंद. कंत्राटदार म्हणतो, मिटवून टाका, गावात रोज जायचंय.

मला विचारायचंय ते एवढंच. आपत्तीत काम करणाऱ्या वीजवाल्याला कायद्याचं वेगळं असं काही संरक्षण आहे का? आणि कंत्राटी असला तर तो कुठे बसतो?

खान्देशी_ठेचा
खरं शे भाऊ. लाईट गयी का आख्खं गाव फोन करस, मार खाल्ला तर लाईनमनले कोन इचारस?

पिलबाग_रावेर
मारहाण चूकच, त्यात दुमत नाही. पण दुसरी बाजूही लिहितो, राग मानू नका. घड लागलेली बाग अर्ध्या तासात जमीनदोस्त होते, ते नुकसान बघून माणूस आधीच खचलेला असतो. वाचलेल्या बागेला पाणी द्यावं तर मोटार बंद. गावाची पाणीयोजना पण विजेवरच, म्हणजे प्यायलाही नाही. फोन करावा तर वायरमनचा बंद, साहेबांचा व्यस्त. कोणीच काही सांगत नाही, आणि मग पहिला जो समोर दिसतो त्याच्यावर निघतं सगळं. 'रात्री बारापर्यंत येणार नाही, सकाळी येईल' एवढं कोणी सांगितलं तरी निम्मे लोक घरी जाऊन झोपतील. आमच्याकडे एक वायरमन ग्रुपवर तुटलेल्या खांबाचा फोटो टाकतो आणि लिहितो, आज होत नाही. त्याच्या अंगाला आजपर्यंत कोणी हात लावलेला नाही.

तिसरा_फेज
@पिलबाग_रावेर आबा, पटतं. फक्त फोन बंद का असतो ते सांगतो. डीपीवर चढलेला माणूस दर मिनिटाला वाजणारा फोन घेऊ शकत नाही, आणि टॉवरची बॅटरी संपली की आमचाही फोन मुकाच. कंपनीच्या १९१२ या तक्रार नंबरवर नोंदवली तर निदान आकडा तरी वर जातो.

एकलव्य_धुळे
अरे एवढी काय चर्चा? सरळ ३५३ लावा. सरकारी कामात अडथळा, ५ वर्षं, अजामीनपात्र. विषय संपला.

काळाकोट_जळगाव
संपला नाही एकलव्यभाऊ, तिथूनच सुरू होतो. मी जिल्हा न्यायालयात वकिली करतो. जरा लांब लिहितो.

३५३ आता राहिलं नाही. १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली, तिच्यात ते कलम १३२ झालं. तुमच्या डोक्यात जी ५ वर्षं आहेत ती महाराष्ट्राची दुरुस्ती होती. आपल्या विधिमंडळाने ३५३ ची मूळ २ वर्षांची शिक्षा ५ वर ओढली होती, २०१८ पासून ती लागू होती. भारतीय दंड संहिता गेली तशी तिला जोडलेली राज्याची दुरुस्तीही गेली. आज १३२ ला कमाल २ वर्षं. दखलपात्र (म्हणजे पोलीस कोर्टाच्या परवानगीशिवाय तपास करू शकतात) आणि अजामीनपात्र मात्र अजून आहे. म्हणजे नवा कायदा आला आणि महाराष्ट्रातल्या कर्मचाऱ्याचं कवच या एका कलमापुरतं पातळ झालं. बऱ्याच ठाण्यांच्या भिंतीवरचे आणि सबस्टेशनबाहेरचे फलक अजून जुनीच शिक्षा सांगतात.

प्रत्यक्ष दुखापत झाली असेल तर १३२ वर थांबू नका, कलम १२१ मागा. कर्तव्यापासून परावृत्त करण्यासाठी साधी दुखापत केली तर ५ वर्षांपर्यंत, गंभीर असेल तर किमान १ आणि कमाल १० वर्षं. त्यासाठी वैद्यकीय कागद लागतो. कानाखाली बसली, कान बधिर झाला, तरी त्याच रात्री ग्रामीण रुग्णालयात जाऊन एम.एल.सी. (पोलीस केससाठीची वैद्यकीय नोंद) करा. सकाळी गेलात तर समोरचा वकील विचारतो, रात्रभर कुठे होता?

आता लोकसेवक कोण? संहितेच्या कलम २(२८) मध्ये सरकारी कंपनीच्या 'नोकरीत किंवा पगारावर' असलेली व्यक्ती येते. महावितरण सरकारी कंपनी आहे, म्हणून तिचा कायम कर्मचारी लोकसेवक, यात वाद नाही. काही जण वीज कायदा २००३ चं कलम १६९ दाखवतात, पण ते वीज नियामक आयोगाचे आणि अपील न्यायाधिकरणाचे लोक आणि त्याच कायद्याच्या कलम १२६ खालचा निर्धारण अधिकारी यांच्यापुरतं आहे. लाईनमनचं नाव त्यात नाही. कंत्राटी पोराचा पगार कंत्राटदाराकडून येतो, तिथेच ठाणेदार अडकतो. 'काम कंपनीचं, हुकूम कंपनीच्या अभियंत्याचा, तेव्हा तो कंपनीच्या सेवेतच आहे' असा युक्तिवाद करता येतो आणि करावा. पण सगळी फिर्याद त्या एका खुंटीला टांगू नये.

एकलव्य_धुळे
बरं, म्हणजे ठाणेदार बरोबर होता?

काळाकोट_जळगाव
नाही. लोकसेवक मानला नाही तरी एन.सी. होत नाही. नुसती साधी मारहाण, कलम ११५(२), अदखलपात्र आहे हे खरं. पण इथे गर्दी सबस्टेशनात घुसली, म्हणजे गृह-अतिक्रमण, कलम ३२९(४). ऑपरेटरला जागचं हलू दिलं नाही, म्हणजे वाट अडवणं किंवा डांबणं, न्याय संहितेचं १२६ किंवा १२७. पाच किंवा जास्त जणांनी मिळून बळ वापरलं, म्हणजे बेकायदा जमाव आणि दंगा, १८९ आणि १९१. हे सगळे दखलपात्र गुन्हे आहेत. आणि भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (जुन्या सी.आर.पी.सी.च्या जागी आलेल्या) कलम १७४(४) प्रमाणे एका प्रकरणात एक जरी गुन्हा दखलपात्र असला तरी अख्खं प्रकरण दखलपात्र धरायचं. फिर्याद लिहिताना 'मारलं' एवढंच लिहाल तर एन.सी.च होणार. 'आत घुसले, वाट अडवली, किती जण होते, पॅनलला हात घातला' हे लिहा. पॅनल किंवा खिडक्या फोडल्या असतील तर सार्वजनिक मालमत्ता हानी प्रतिबंध कायदा १९८४ आहे. वीज, पाणी पुरवठ्याच्या यंत्रणेचं नुकसान केलं तर कलम ३(२) मध्ये किमान ६ महिने, कमाल ५ वर्षं सक्तमजुरी.

निवृत्त_हवालदार
वकीलसाहेबांनी कलमं सांगितली, मी ठाण्याची आतली बाजू सांगतो. वादळाच्या रात्री ठाण्यात चार माणसं असतात. त्यातली दोन रस्त्यावरची झाडं बाजूला करायला, एक वायरलेसवर. अशा वेळी मारहाणीची फिर्याद आली की अंमलदाराला एन.सी. सोपी पडते, त्यात तपास नसतो. आरोपी गावातलेच, उद्या सरपंच येऊन बसणार हेही माहीत असतं. पण फिर्यादी लेखी अर्ज घेऊन आला, सोबत उपअभियंत्याचं पत्र आणि एम.एल.सी. असेल तर अंमलदाराची हिंमत होत नाही टाळायची. २०१३ पासून सुप्रीम कोर्टाचा स्पष्ट आदेश आहे, दखलपात्र गुन्हा दिसतो तिथे एफ.आय.आर. नोंदवायचाच.

एक पथ्य पाळा. तोंडी भांडून येऊ नका. नकार दिला तर तोच अर्ज एस.पी. ऑफिसला पाठवा, पोच ठेवा.

काळाकोट_जळगाव
हवालदारसाहेब बरोबर. नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १७३(४), आधी पोलीस अधीक्षक, तिथेही काही झालं नाही तर न्यायदंडाधिकारी.

फक्त अपेक्षा आवरत्या ठेवा. ७ वर्षांपर्यंतच्या गुन्ह्यात पोलीस सरसकट अटक करत नाहीत, त्याच संहितेच्या कलम ३५(३) ची, हजर राहण्याची नोटीस देतात. आरोपी दुसऱ्या दिवशी पारावर बसलेला दिसेल. त्याचा अर्थ केस गेली असा नाही.

गिरणाकाठ
मी प्राथमिक आरोग्य केंद्रात परिचारिका आहे. हा धागा वाचताना सारखं वाटत होतं की आमच्यासाठी तरी कायदा आहे. २०१० चा महाराष्ट्राचा वैद्यकीय सेवा व्यक्तींबद्दलचा कायदा आहे. कोविडमध्ये केंद्राने साथरोग कायद्यात दुरुस्ती केली, ३ महिने ते ५ वर्षं, गंभीर दुखापतीला ७ वर्षांपर्यंत, तपास ३० दिवसांत. त्यात सफाई करणाऱ्या मावशीसुद्धा बसल्या, कायम की कंत्राटी असं कोणी विचारलं नाही. २०१७ मध्ये पत्रकारांसाठीही राज्याने वेगळा कायदा केला. वादळात आमच्या लसींच्या फ्रीजला लाईट देणारा माणूस मात्र कुठल्याच यादीत नाही?

कायदा असून आम्हाला मार बसत नाही असं नाही हं. पण निदान ठाण्यात 'तुम्ही कोण?' हा प्रश्न येत नाही.

खान्देशी_ठेचा
यादीत आहे ना ताई, मेस्माच्या, म्हणजे अत्यावश्यक सेवेत संपबंदीच्या कायद्याच्या! २०२३ च्या जानेवारीत वीजवाले संपावर निघाले तर लगेच मेस्मा लागला. काम बंद केलं तर 'अत्यावश्यक', मार खाल्ला तर 'तुमचं तुम्ही बघा'. 😄

तिसरा_फेज
ठेचाभाऊ, हसू आलं पण खरं बोललास.

बुवा_चाळीसगाव
३१ ऑगस्ट २०२१ आठवतो का कोणाला? डोंगरी आणि तितूरला एकाच रात्री पूर आला, चाळीसगावात दुकानांमधून पाणी, कन्नड घाटात दरडी. पुरात लाईट मुद्दाम बंद करावी लागते, हे लोकांच्या डोक्यात बसतच नाही. मीटर पाण्याखाली, घरात चिखल, अशात सप्लाय चालू केला तर घरातच माणूस चिकटेल. पण लोकांना वाटतं, पाणी ओसरलं तरी हे लोक टाईमपास करतायत. एकेक मीटर बघून, वाळवून, मगच जोडायचं असतं. ज्या कॉलनीचा नंबर शेवटी तिथे शिव्या पहिल्या.

सातपुडा_पायथा
धडगाव-अक्कलकुव्याकडचं लिहितो, मी तिकडे शिक्षक आहे. लाईन डोंगरातून, जंगलातून जाते. एक खांब पडला तर तिथवर गाडी जात नाही, पाड्यातले लोकच खांद्यावर सामान नेतात. मारहाण वगैरे मी तरी ऐकली नाही. पण एक वेगळा प्रकार होतो. लाईनमन एकदा हाती लागला की त्याला सोडत नाहीत. 'आमच्या पाड्याची लाईट आल्याशिवाय जायचं नाही.' चहा देतात, भाकरी देतात, रात्री खाट टाकून देतात, पण मोटारसायकलची चावी काढून घेतात! हे कायद्यात बसतं का?

काळाकोट_जळगाव
बसतं गुरुजी, भाकरी दिली तरी बसतं. कलम १२७, अन्यायाने डांबून ठेवणं, १ वर्षापर्यंत. पण खरं सांगू, अशा ठिकाणी मी फिर्याद द्या असं म्हणणार नाही. त्या पाड्याची लाईट कधी येणार हे तहसीलदाराने किंवा सर्कलने (मंडळ अधिकाऱ्याने) येऊन सांगितलं तर चावी लगेच परत मिळेल.

तिसरा_फेज
वकीलसाहेब, मूळ प्रश्न राहिला. आपत्तीचा म्हणून काही वेगळा कायदा?

काळाकोट_जळगाव
आहे, आणि वापरला जात नाही. आपत्ती व्यवस्थापन कायदा २००५, कलम ५१. आपत्तीच्या कामात वाजवी कारण नसताना अडथळा आणला तर १ वर्षापर्यंत शिक्षा. त्या अडथळ्यामुळे जीव गेले किंवा जिवाला तात्काळ धोका निर्माण झाला तर २ वर्षांपर्यंत. तुमच्या प्रकरणात एल.सी. चालू असताना ब्रेकर टाकायला लावणं म्हणजे जिवाला धोका, यापेक्षा स्पष्ट उदाहरण सापडणार नाही.

आता कलमाचे शब्द नीट बघा. अडथळा कोणाला? केंद्र किंवा राज्य सरकारचा अधिकारी-कर्मचारी, *किंवा* राष्ट्रीय, राज्य वा जिल्हा प्राधिकरणाने अधिकृत केलेली व्यक्ती. कंपनीचा कर्मचारी हा 'राज्य सरकारचा कर्मचारी' नव्हे, कायम असला तरी. म्हणजे पहिल्या दारातून तुम्हीही आत जात नाही. पण दुसरं दार बघा, 'अधिकृत केलेली व्यक्ती'. तिथे पगार कोण देतो हा प्रश्नच नाही. जिल्हा प्राधिकरणाचे अध्यक्ष जिल्हाधिकारी असतात. त्यांनी पावसाळ्याआधी लेखी आदेश काढला, की आपत्तीत वीजपुरवठा पूर्ववत करणारी पथकं, ऑपरेटर आणि कंत्राटदाराची माणसं धरून, या कायद्याखाली अधिकृत आहेत, तर कायम आणि कंत्राटी एका ओळीत येतात. नवा कायदा व्हायची वाट बघायला नको, विधानसभा नको. एक सही पुरते.

पिलबाग_रावेर
पण मग रोजची फॉल्टी लाईट पण 'आपत्ती' म्हणून आमच्यावर केसेस टाकायला मोकळे का? उद्या कोणी जोरात बोललं तरी ५१?

काळाकोट_जळगाव
आबा, शंका रास्त आहे. कायद्यात आपत्तीची व्याख्या आहे, कलम २(घ). मोठी जीवित-वित्तहानी, आणि ती त्या भागातल्या लोकांना स्वतःच्या बळावर पेलता येणार नाही इतकी. रोजचं ट्रिपिंग त्यात येत नाही. शिवाय कलम ६० मुळे कोर्ट थेट दखल घेत नाही. प्राधिकरणाची, सरकारची किंवा त्यांनी नेमलेल्या अधिकाऱ्याची तक्रार लागते, नाहीतर खासगी व्यक्तीने ३० दिवसांची नोटीस देऊन मग जायचं. ही चाळणी तुमच्यासाठीच आहे.

आणि जोरात बोलणं गुन्हा नाही. २०१५ मध्ये सुप्रीम कोर्टाने फेसबुकवर पोलिसांविरुद्ध लिहिणाऱ्यांवर लावलेलं ३५३ रद्द केलं, कारण हल्ला किंवा बळाचा वापर असल्याशिवाय ते कलम लागतच नाही. साहेबांना जाब विचारा, व्हिडिओ काढा, १९१२ वर दहा वेळा तक्रार करा. पॅनलला हात लावू नका, माणसाला हात लावू नका.

एकलव्य_धुळे
व्हिडिओवरून आठवलं. परवा एकाने स्टेटस ठेवलं होतं, 'ऑपरेटरला धडा शिकवला'. चेहरे सगळे दिसत होते. स्वतःच पुरावा देतात राव.

निवृत्त_हवालदार
स्टेटस २४ तासांत जातं. स्क्रीन रेकॉर्डिंग करून ठेवा, आणि ज्याने बघितलं त्याचं नाव साक्षीदार म्हणून द्या.

गिरणाकाठ
तिसरा_फेज दादा, त्या ऑपरेटरच्या औषधपाण्याचा खर्च कोणी दिला?

तिसरा_फेज
त्यानेच. कंत्राटदार म्हणाला, हा काही अपघात नाही.

काळाकोट_जळगाव
चूक. कामावर असताना कामामुळेच हल्ला झाला तर त्याला 'अपघात' म्हणून भरपाईचा दावा करता येतो. आधी हे कर्मचारी भरपाई कायदा १९२३ मध्ये होतं, नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहिता २०२० मध्ये आहे. ई.एस.आय. (कामगार विमा) कापत असतील तर तिकडे. कंत्राटदार हात वर करत असेल तर कायदा मूळ मालकाकडे बोट दाखवतो, मग मूळ मालकाने कंत्राटदाराकडून वसूल करावं. पगारपत्रक आणि हजेरीपटाची झेरॉक्स आजच काढून ठेवायला सांगा, केस उभी राहिली की हे कागद गायब होतात.

संयोजक
दोन प्रतिसाद उडवले आहेत. गावाचं आणि व्यक्तींचं नाव घेऊन आरोप नकोत.

तिसरा_फेज
सगळ्यांचे आभार. काल उपअभियंत्यांचं पत्र आणि एम.एल.सी. जोडून नवा लेखी अर्ज दिला. ३२९, १२६ आणि १९१ चा उल्लेख केला. अंमलदाराने दोनदा वाचला आणि ठेवून घेतला, पोच दिली. एफ.आय.आर. अजून नाही. ऑपरेटरची ड्युटी रात्रीचीच आहे, फक्त आता गेटला आतून कुलूप लावतो.

जिल्हाधिकाऱ्यांकडे द्यायच्या अर्जाचं बघतोय. वकीलसाहेब, नमुना मिळेल का?

काळाकोट_जळगाव
रविवारी टाकतो. तोवर तीन गोष्टी जमवा. उपविभागनिहाय पथकांची यादी, त्यात कंत्राटदाराच्या माणसांची नावं हजेरीपटाप्रमाणे. प्रत्येकाला कंपनीच्या सहीचं ओळखपत्र. आणि आपत्तीत फीडर चालू करण्याचा हुकूम कोण देणार, त्या अधिकाऱ्याचं पद. आदेशात कलम ५१ सोबत ६० चाही उल्लेख करायला सांगा, म्हणजे तक्रार कोणी दाखल करायची ते आधीच ठरेल. नाहीतर अधिकार मिळेल आणि कोर्टात जायला कोणीच नसेल.

सातपुडा_पायथा
नंदुरबारला हाच नमुना चालेल का? आमच्याकडे पाड्यातली जी पोरं खांब वाहून नेतात त्यांचं काय करायचं? ती ना कंपनीची, ना कंत्राटदाराची.

काळाकोट_जळगाव
चालेल. जिल्ह्याचं नाव बदला, आणि त्या पोरांसाठी 'पथकाला मदत करणारे स्थानिक' असा एक रकाना वाढवा. यादी ग्रामसेवकाच्या सहीने द्या.